शेपटीवाली क्रियापदे

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा विस्तारित मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला 'इंग्रजी कसे सुधारावे' या विषयावर बोलण्यास सांगितले होते. विषय समुद्राएवढा आणि वेळ तासाभराचा. तेव्हा समुद्र बाजूला ठेवून मी त्यातली एक खाडीच आज निवडली आहे. या खाडीत आपली पुष्कळ हुशार मुले गटांगळ्या खाताना मी पाहिली आहेत. इंग्रजीत ज्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, त्या क्रियापदांविषयी मी बोलणार आहे. मी आपला त्यांना शेपटीवाली क्रियापदे म्हणतो. क्रियापद साधे, अगदी पहिलीच्या पुस्तकातले: पुट, टेक, गो, कम, लुक, टर्न. त्याला मागून अप, डाऊन, ऑफ, आऊट, ऑन असे एक चिमुकले शेपूट जोडायचे. झाले. दोन्ही शब्द ओळखीचे. पण जोडून येणारा अर्थ मात्र बहुतेक वेळा अनोळखी.

माझी सारी नोकरी लघुलेखकाची. साहेब तोंडाने बोलत, मी रेघोट्या मारून घेई आणि मग टंकलेखन यंत्रावर पत्र उतरवी. त्या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. साहेब मला सांगताना म्हणत, 'त्यांना कळवा, आपण ते टर्न डाऊन केले आहे.' पत्रात मात्र लिहावे लागे की आपली विनंती मान्य करण्यास आम्ही असमर्थ आहोत, याबद्दल दिलगीर आहोत. मीटिंग बोलण्यात 'पुट ऑफ' व्हायची, कागदावर 'पोस्टपोन'. तक्रारीत ते 'लुक इन्टु' करायचे, कागदावर 'इन्व्हेस्टिगेट'. म्हणजे एकाच खुर्चीतून दोन इंग्रजी निघत होत्या. आपण शाळेत शिकलो ती फक्त दुसरी, कागदावरची.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल. १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे तेथील राजदरबार, जमीनदार आणि न्यायालये यांवर फ्रेंच भाषेचा पगडा राहिला. धर्मपीठ आणि विद्या यांची भाषा लॅटिन. शेतावर, स्वयंपाकघरात, लोहाराच्या भट्टीवर मात्र लोक आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिले. पुढे या सगळ्यांची सरमिसळ झाली आणि एका कामाला दोन-दोन शब्द आले. विस्तव विझवणे याला एक्स्टिंग्विश आणि पुट आऊट. सहन करणे याला टॉलरेट आणि पुट अप विथ. पहिला शब्द वाड्यावरचा, दुसरा शिवारातला. आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कॉलेज आणि कायदा यांच्या वाटेने, त्यामुळे आपल्या पदरात वाड्यावरचेच शब्द अधिक पडले. शिवाय ते पाठ करायला सोपे. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे, एका शब्दासमोर एक अर्थ, वहीत दोन रकाने. शेपटीवाली क्रियापदे अशी रकान्यात बसत नाहीत.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे समजून कोणी खट्टू होऊ नये. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले की, क्रियापदामागे असा छोटा शब्द लागून होणारे बदल परकीयांना फार अवघड जातात, म्हणून ते आपण मुद्दाम टिपले आहेत. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव त्या मानाने अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकातून ते रूढ झाले.

आता मला सांगा, मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाला आपण कमी छळतो का? 'त्याने भाकरी खाल्ली' हे त्याला कळते. 'त्याने भाकरी खाऊन टाकली' म्हटले की तो विचारणार, खाल्ली की टाकली? 'मी बोलून बसलो' यात कोणी कोठे बसलेले नसते. 'जरा करून पाहा' यात डोळ्यांचे काही काम नाही. आपण याला संयुक्त क्रियापद म्हणतो आणि आईच्या कडेवर असल्यापासून बिनचूक वापरतो. संस्कृतात आणि पालीत हेच काम उपसर्ग करतात. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. कोणी जेवतो आहे, कोणी फिरतो आहे, कोणी मारतो आहे! आपल्या सर्वांच्या रोजच्या तोंडातले उदाहरण पाहा. पंचशीलातील दुसऱ्या शीलात 'अदिन्नादाना' असा शब्द आहे. तो सोडवला तर अ, दिन्न आणि आदान असे तीन तुकडे पडतात. 'दिन्न' म्हणजे दिलेले आणि 'आदान' म्हणजे घेणे. दोन्हींचा धातू एकच, 'दा', म्हणजे देणे. केवळ 'आ' हा उपसर्ग लागला आणि देण्याचे घेणे झाले. 'समादियामि' यातही तोच 'दा' आहे. सं आणि आ लागून त्याचा अर्थ स्वीकारतो, ग्रहण करतो असा होतो. जो मुलगा हे समजू शकतो त्याला 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे हे समजायला हरकत नाही. फरक एवढाच की आपले उपसर्ग पुढे लागतात, इंग्रजीतले मागे. फार जुन्या इंग्रजीत तेही पुढे लागत. 'अंडरस्टँड' हा शब्द त्या काळची खूण आहे. त्याचा अर्थ खाली उभे राहणे असा कोणी करीत नाही.

मित्रहो, ही काही परीक्षेतल्या दोन गुणांची गोष्ट नाही. माझ्या माहितीतील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. राहत्या खोलीचा दावा होता. खालच्या कोर्टात निकाल या कुटुंबाच्या बाजूने लागला. समोरच्याने अपील केले. अपिलाचा निकाल लागला आणि त्याची प्रत घरी आली. वकिलांची फी थकलेली, त्यामुळे त्यांच्या दारात जाण्याचा संकोच. घरातला पुतण्या पदवीधर होता, त्याने प्रत वाचली. त्यात खालच्या कोर्टाचा हुकूम 'सेट असाइड' केल्याचे लिहिले होते. सेट म्हणजे ठेवणे, असाइड म्हणजे बाजूला. पुतण्याने सांगितले, 'काका, हुकूम सध्या बाजूला ठेवला आहे, पुढची तारीख पडेल.' सगळे तारखेची वाट पाहत बसले. कायद्याच्या भाषेत सेट असाइड म्हणजे रद्द! बाजी उलटली होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. समोरचा माणूस कब्जा मागायला आला तेव्हा धावपळ झाली. तोवर वरच्या कोर्टात जाण्याची मुदत टळून गेली होती. मग विलंब माफीचा अर्ज, त्याचा वेगळा खर्च, उशीर का झाला याचा खुलासा. खुलाशात काय लिहायचे? पुतण्याचे इंग्रजी कच्चे नव्हते. त्याला जे शिकवले नव्हते नेमके तेच त्या कागदावर होते.

कोर्टाच्या कागदात अशी आणखी दोन-चार ठिकाणे आहेत. 'नो केस इज मेड आऊट' म्हणजे केस तयार केली नाही असे नव्हे. आरोप किंवा मागणी सिद्ध होण्याजोगे काही दिसत नाही, असा त्याचा आशय. कायदा 'स्ट्राइक डाऊन' झाला म्हणजे तो न्यायालयाने अवैध ठरवून रद्द केला. नाव 'स्ट्रक ऑफ' झाले म्हणजे पटावरून काढून टाकले. यातले एकही क्रियापद गावंढळ किंवा बाजारी नाही. म्हणून शेपटीवाली क्रियापदे फक्त बोलण्यात येतात, लेखी इंग्रजीत येतच नाहीत, असे काही मार्गदर्शक पुस्तके सांगतात ते अर्धेच खरे आहे. कॅरी आऊट, सेट अप, पॉइंट आऊट हे शब्द तर सरकारी अहवालातही जागोजागी आढळतात.

गिरणगावातल्या आमच्या पिढीला एक शब्द चांगला ठाऊक आहे: ले-ऑफ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली त्याची व्याख्या घालण्यात आली. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडले, अशा कारणाने मालक काही काळ काम देऊ शकत नाही तो ले-ऑफ. कामगाराचे नाव हजेरीपटावर राहायचे आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद त्या कायद्यात होती. कायमचे काढणे याला वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट, म्हणजे आपली छटणी. आता संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या नातवाने फोनवर सांगितले की मला 'ले ऑफ' केले, तर आजोबा म्हणतील, असू दे, चार दिवसांत बोलावतील. नातवाची नोकरी मात्र गेलेली असते. आजच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रात लेड ऑफ म्हणजे सरळ कामावरून कमी केलेला. शब्द तोच, पण हक्क वेगळे. म्हणून सहीसाठी कागद पुढे आला, तर त्यात यातला कोणता अर्थ आहे हे विचारून मगच सही करावी.

आपल्या देशातल्या इंग्रजीने स्वतःच्याही काही शेपट्या लावल्या आहेत. कचेरीत फाईल 'पुट अप' करतात, म्हणजे साहेबांपुढे ठेवतात. हा शब्द इतका मराठी झाला आहे की शिपाईसुद्धा वापरतो. लंडनचा माणूस 'पुट अप' म्हणेल तेव्हा बहुधा भिंतीवर फळी ठोकत असेल किंवा पाहुण्याला रात्री ठेवून घेत असेल. आपण फॉर्म 'फिल अप' करतो. इंग्रज बहुधा 'फिल इन' म्हणतो आणि अमेरिकन 'फिल आऊट'. तिन्ही ठिकाणी कागद भरला जातो, तेव्हा त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. परंतु 'पास आऊट' च्या बाबतीत जपले पाहिजे. आपली मुले मुलाखतीत अभिमानाने सांगतात की मी अमुक वर्षी कॉलेजमधून पास आऊट झालो. भारतात हे चालते. परदेशी माणूस मात्र ऐकून चमकतो, कारण त्याच्याकडे पास आऊट होणे म्हणजे शुद्ध हरपणे! अशा वेळी 'ग्रॅज्युएट' हा सरळ शब्द वापरावा. आणि 'पास अवे' म्हणजे निधन पावणे, हेही सोबत लक्षात ठेवावे. इस्पितळात या तीन शब्दांची गल्लत झाली तर अनर्थ होईल. तेथे 'थ्रो अप' म्हणजे काही वर फेकणे नसून उलटी होणे, हेही परिचारिकेची परीक्षा देणाऱ्या मुलींनी टिपून घ्यावे.

काही क्रियापदे तर बहुरूपी असतात. 'गो ऑफ' घ्या. दिवे गो ऑफ झाले म्हणजे गेले. दूध गो ऑफ झाले म्हणजे नासले. पण घड्याळाचा गजर गो ऑफ झाला म्हणजे बंद झाला नाही, वाजला! कारखान्यात धोक्याचा भोंगा गो ऑफ झाल्याचे कोणी ओरडून सांगितले आणि आपला मुलगा 'बंद झाला, बरे झाले' म्हणून जागेवरच उभा राहिला, तर काय होईल याचा विचार करा. 'लुक आऊट' ही आरोळीही तशीच. ती बाहेर पाहण्यासाठी नसते, सावध होण्यासाठी असते. क्रिकेटमुळे 'रन आऊट' सर्वांना कळतो. मात्र 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क' म्हटले तर कोणाची दांडी उडालेली नाही, घरातले दूध संपले आहे.

टेलिफोनवरची भाषा तर जवळजवळ सगळीच शेपटीवाली. होल्ड ऑन म्हणजे थांबा, फोन ठेवू नका. हँग अप म्हणजे फोन ठेवणे. आय विल पुट यू थ्रू म्हणजे मी तुम्हाला जोडून देतो. हल्ली मुलाखती मोबाईलवर आणि संगणकाच्या पडद्यावर होतात. तेथे समोरून 'यू आर ब्रेकिंग अप' ऐकू आले तर घाबरू नये, तुमचा आवाज तुटक येतो आहे एवढेच ते सांगत असतात. मात्र 'वी विल गेट बॅक टु यू' याचा शब्दार्थ आम्ही तुम्हाला कळवू असा असला, तरी त्यावर फार विसंबू नये, हा माझा अनुभव!

आता व्याकरणाचा थोडा भाग, कारण येथे गुण जातात. काही शेपट्या सुटतात, काही सुटत नाहीत. 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणा किंवा 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणा, दोन्ही बरोबर. पण मीटिंगऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळ करणे, हे कधीच तुटत नाही. 'लुक आफ्टर हिम' असेच म्हणावे लागते. काहींना दोन-दोन शेपट्या असतात. 'लुक डाऊन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. 'स्टँड अप फॉर' म्हणजे एखाद्याच्या बाजूने उभे राहणे आणि 'स्टँड अप टु' म्हणजे दांडगाई करणाऱ्यासमोर न नमता उभे राहणे. एका छोट्या शब्दाने माणसाची बाजूच बदलते. अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु' लिहिणार असाल तर पुढे 'मीटिंग यू' लिहा, 'मीट यू' नको. आणि जेथे शेपटी नाही तेथे ती चिकटवू नये. 'कोप अप विथ' असे काही नाही, 'कोप विथ' आहे. 'रिटर्न बॅक' मधला बॅक आणि 'डिस्कस अबाऊट' मधला अबाऊट फुकटचे आहेत.

उच्चाराचीही एक खूण सांगतो, ती पुस्तकात सहसा सापडत नाही. गाडी बिघडली असे सांगताना 'ब्रेक डाऊन' मध्ये आवाजाचा जोर 'डाऊन' वर येतो. तेच नाम झाले, 'ब्रेकडाऊन', की जोर 'ब्रेक' वर सरकतो. चेक-अप, टेक-ऑफ, ड्रॉप-आऊट, लॉग-इन हे आपण मराठीत सर्रास वापरतो ते सगळे याच जातीचे शब्द. बातम्या ऐकताना हा जोर कोठे पडतो तिकडे कान ठेवा.

विद्यार्थी विचारतील, सर, ही हजारो क्रियापदे पाठ कधी करायची? पाठ करूच नका. प्रथम शेपट्यांचा स्वभाव ओळखा. 'अप' पुष्कळदा काम पुरे झाल्याचे सांगतो: ईट अप म्हणजे खाऊन संपवणे, यूज अप म्हणजे वापरून संपवणे. आपल्या 'टाकणे' चा तो चुलतभाऊ. 'ऑन' चालू राहण्याचा: गो ऑन, कॅरी ऑन. 'ऑफ' तुटण्याचा, सुटण्याचा: कट ऑफ, कॉल ऑफ. संप कॉल ऑफ झाला म्हणजे मागे घेतला, पुट ऑफ झाला म्हणजे पुढे ढकलला. वर्तमानपत्रात हा फरक रोज लागतो. 'ओव्हर' पुन्हा नजर फिरवण्याचा: गो ओव्हर, थिंक ओव्हर. अर्थात हे नियम नव्हेत, स्वभाव आहेत, आणि स्वभावाला अपवाद असणारच. घर 'बर्न डाऊन' होते, कागद 'बर्न अप' होतो आणि दोन्हींची राखच होते.

दुसरे असे की, हजारोंपैकी रोजची थोडीच. गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश इंग्रजी संग्रहाची छाननी केली. त्यात आढळलेल्या या प्रकारच्या वापरांपैकी सुमारे निम्मे केवळ वीस क्रियापदे आणि आठ शेपट्या यांच्या जोड्यांतून झालेले होते. गो, कम, टेक, गेट, सेट, कॅरी, टर्न, ब्रिंग, लुक, पुट ही त्या विसांतली पहिली दहा. शेपट्या म्हणजे आऊट, अप, ऑन, बॅक, डाऊन, इन, ऑफ आणि ओव्हर. दोनशे पानी वहीचे एक पान एका जोडीला दिले तरी वही पुरून उरेल. पानावर अर्थ लिहू नका, वाक्य लिहा. तेही स्वतःच्या घरातले, आपल्या गल्लीतले. 'माझ्या बहिणीने शाळा सोडली नाही' हे 'गिव्ह अप' वापरून लिहिलेत तर ते जन्मभर विसरणार नाही.

कोश घ्यायचा झाल्यास लाँगमन कंपनीचा १९८३ सालचा आणि कॉलिन्स कोबिल्डचा १९८९ सालचा, असे या क्रियापदांचे स्वतंत्र कोश आहेत; पुढे त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. रद्दीच्या दुकानात जुनी प्रत मिळाली तरी चालेल, ही क्रियापदे लवकर शिळी होत नाहीत. आपले तर्खडकर भाषांतर पाठमालेचे जुने भाग घरात असतील तर तेही टाकू नका, वाक्यरचनेसाठी आजही उपयोगी आहेत. मात्र बोलीतल्या या क्रियापदांसाठी त्यांच्यावर अवलंबून राहता येणार नाही.

आता काम. फळ्यावर मी पाच इंग्रजी वाक्ये लिहिली आहेत. पहिल्यात घरमालक 'बॅक आऊट' झाला आहे. दुसऱ्यात बँकेचे कर्ज 'पे ऑफ' केले आहे, तिसऱ्यात एका मुलाने शिष्यवृत्तीचा फॉर्म 'हँड इन' केला आहे. चौथ्यात कामगारांच्या पुढाऱ्याने मालकाची ऑफर 'टर्न डाऊन' केली आहे. पाचव्यात कोर्टाने एक हुकूम 'सेट असाइड' केला आहे. पाचही वाक्यांचे मराठी करून आणा, सुटे शब्द नकोत. जेथे सर्वनाम घालता येईल तेथे ते घालून वाक्य पुन्हा लिहा. वह्या पुढच्या रविवारी दहा वाजता याच सभागृहात तपासू. नववी-दहावीच्या मुलांनी पहिली तीनच केली तरी चालतील. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पाचही करावीत, आणि पालकांपैकी कोणाला करावीशी वाटली तर त्यांच्याही वह्या मी तपासीन.